फंक्शनल भाषेतून सी, आणि हातात फक्त २ केबी रॅम

खटपट्या

दिवसा ऑफिसात सी आणि रात्री घरी ओकॅमल ही फंक्शनल भाषा, असं बरेच दिवस चाललं होतं. त्यातून एक उद्योग मागे लावून घेतलाय. एक छोटी फंक्शनल भाषा (म्हणजे जिच्यात मूल्यं बदलायची नाहीत, सगळं काम फंक्शनांनी करायचं), तिचा कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला, आणि तो मशीन कोड न काढता सरळ सी काढतो. तो सी एव्हीआर-जीसीसी या एव्हीआर चिपांच्या सी कंपायलरच्या हवाली केला की अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालतो. भाषेचं बारसं अजून व्हायचंय. काही निर्णय घेऊन झालेत, काही अडलेत. इथे एम्बेडेडवाले (यंत्रांतल्या छोट्या चिपांवर काम करणारे) आणि कंपायलरवाले दोन्हीकडची मंडळी आहेत, तेव्हा खरडपट्टी इथेच निघालेली बरी.

आधी सी का, ते. चिप कोणतीही घ्या, ८०५१, पिक, एव्हीआर, एआरएम, तिच्यासाठी सी कंपायलर असतोच. एलएलव्हीएम हा कंपायलरांसाठीचा तयार पाया घ्यावा तर त्यात एआरएम आहे, एव्हीआर आहे, पण पिक१६ नाही आणि ८०५१ही नाही. प्रत्येक चिपसाठी रजिस्टरांचं (तिच्या आतल्या कप्प्यांचं) वाटप स्वतः लिहीत बसायला मला दुसरा जन्म लागेल.

आता खरी अडचण. उनोवरच्या एटीमेगा३२८पीमध्ये प्रोग्रामसाठी ३२ केबी फ्लॅश आहे, पण रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. तळाशी ग्लोबल व्हेरिएबलं, त्यांच्यावर हीप (चालता चालता मागून घेतलेली मेमरी) वर चढत जाणार, आणि दुसऱ्या टोकाकडून स्टॅक (फंक्शनांचे परतीचे पत्ते आणि तात्पुरती व्हेरिएबलं) खाली उतरत येणार. मध्ये कुंपण नाही. दोघं भिडले तर एरर वगैरे काही येत नाही. कुठलंतरी व्हेरिएबल गुपचूप बदलतं आणि रिले भलत्याच वेळी टकटक करायला लागतो.

फंक्शनल म्हटलं की लिस्टा आल्या, क्लोजर (बाहेरची मूल्यं पकडून ठेवणारी फंक्शनं) आली, आणि त्यांचा कचरा उचलायला गार्बेज कलेक्टर आला. हिशेब करून बघा. स्टॅक आणि ग्लोबलांना १ केबी ठेवला आणि उरलेल्या १ केबीत कॉपी करणारा कलेक्टर बसवला, तर तो निम्मी जागा राखून ठेवणार. राहिले ५१२ बाइट. दोन पॉइंटरांचा (पत्त्यांचा) एक सेल ४ बाइटचा, म्हणजे १२८ सेल. एवढ्यात संपला खेळ. मार्क-स्वीप (वापरातल्या वस्तूंवर खुणा करून बाकीच्या झाडणारा कलेक्टर) घेतला तर जागा दुप्पट मिळते, पण खुणा करत फिरायलाही स्टॅक लागतो, नाहीतर पॉइंटर उलटे करत जायची कसरत. चिकन स्कीम, म्हणजे स्कीम या फंक्शनल भाषेचा एक कंपायलर, तोसुद्धा सीच काढतो, आणि फार देखण्या रीतीनं: फंक्शनं परत येतच नाहीत, सीचा स्टॅक भरत जातो, भरला की जिवंत वस्तू हीपमध्ये हलवायच्या आणि स्टॅक पुसून टाकायचा. हेन्री बेकरची कल्पना. पण तिला भरायला आधी स्टॅक तर हवा!

म्हणून मी हीपच काढून टाकला. आळशी मूल्यमापन (लेझीनेस, म्हणजे किंमत लागेल तेव्हाच काढणं) नाही. प्रत्येक टाइपचा आकार कंपाइल करतानाच ठरला पाहिजे, त्यामुळे लिस्ट आहे पण ती 'जास्तीत जास्त ८ घटकांची' अशी. रिकर्शन (फंक्शननं स्वतःला बोलावणं) फक्त टेल पोझिशनला, म्हणजे फंक्शनचं शेवटचं काम म्हणून, आणि त्याचा लूप मी स्वतः करतो. जीसीसी टेल कॉल बऱ्याचदा काढून टाकतं, पण २ केबीत 'बऱ्याचदा'वर भरवसा ठेवून चालत नाही. एकमेकांना बोलावणारी फंक्शनं असतील तर त्या सगळ्यांचं मिळून एकच सी फंक्शन होतं, आत एक लूप आणि एक स्विच (किमतीनुसार फांदी निवडणारं सीचं वाक्य).

क्लोजरचं काम सगळ्यात मजेचं. जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये मांडलेलं डीफंक्शनलायझेशन वापरलंय. समजा एका जागी 'संख्या घेऊन संख्या देणारं' फंक्शन पाठवायचंय, आणि अख्ख्या प्रोग्राममधून त्या जागी पोचू शकणारी फंक्शनं तीनच आहेत. मग फंक्शन पॉइंटर हवाच कशाला? एका बाइटचा टॅग (कोणतं फंक्शन ते सांगणारा आकडा) आणि त्या फंक्शननं बाहेरून पकडलेली मूल्यं, एवढंच पाठवायचं. बोलावायच्या जागी स्विच. आकार तिघांत जे मोठं असेल त्याचा. एखादं क्लोजर आपल्याच जातीचं क्लोजर पकडून बसलं तर आकाराला अंत राहत नाही, तिथे कंपायलर प्रोग्राम नाकारतो. यासाठी सगळा प्रोग्राम एकदम समोर लागतो, पण ३२ केबीत मावणारा प्रोग्राम तो केवढा असणार!

नमुना म्हणून शेतातल्या मोटरचा ऑटो स्टार्टर घेतलाय. खाली देवनागरीत लिहितो, प्रत्यक्षात रोमन आहे.

टाइप अवस्था = बंद | थांबा सेकंद | चालू | दोष कारण
टाइप घटना = टिक | लाईट_आली | लाईट_गेली | पाणी_संपलं

पुढची (बंद, लाईट_आली) = थांबा ९०
पुढची (थांबा ०, टिक) = चालू
पुढची (थांबा न, टिक) = थांबा (न - १)
पुढची (चालू, पाणी_संपलं) = दोष कोरडी_मोटर
पुढची (_, लाईट_गेली) = बंद

हा मुद्दाम अपुरा ठेवलाय. ४ अवस्था आणि ४ घटना म्हणजे १६ जोड्या, त्यातल्या ७ इथे आल्या ('_' म्हणजे कोणतीही अवस्था, त्या एका ओळीत चार). उरलेल्या ९ जोड्या कंपायलर नावानिशी छापतो आणि सी काढायला नकार देतो. पूर्ण झाल्यावर अवस्थेचा सीमध्ये एक स्ट्रक्ट होतो: एक बाइट टॅग, दोन बाइटचं युनियन (सेकंद किंवा कारण, एकाच जागेत), एव्हीआरवर एकूण ३ बाइट. चालवणारा भाग म्हणजे एक लूप, घटना आली की जुनी अवस्था देऊन नवी घ्यायची. बाकी सगळं शुद्ध, म्हणजे बाहेरचं काहीच न बदलणारं.

आता हाणा.

सोल्डरगन

वाचनखूण साठवली. पण खटपट्याराव, हे स्टेट मशीन मी सीमध्ये चहा निवायच्या आत लिहितो. एनम (नावं दिलेल्या किमतींची यादी), स्विच, झालं. जीसीसीला डब्ल्यू-स्विचची वॉर्निंग चालू केली की सुटलेली केसही तोच दाखवतो. मग एवढा फाफटपसारा कशासाठी?

खटपट्या

वॉर्निंगचं खरं आहे. फक्त स्विचच्या शेवटी कोणी 'डिफॉल्ट' (बाकी सगळ्यांसाठीची फांदी) लिहिलं की ती गप्प बसते, आणि बऱ्याच कंपन्यांचे कोडिंगचे नियम डिफॉल्ट लिहायला लावतातच. शिवाय ती एका एनमपुरतं बघते. इथे अवस्था आणि घटना यांची जोडी आहे, म्हणजे स्विचमध्ये स्विच, आणि आतल्या एखाद्या फांदीत काय राहिलं हे रात्री दहा वाजता डोळ्यांनी शोधायचं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सीमध्ये 'शिल्लक सेकंद' हे व्हेरिएबल मोटर चालू असतानाही वाचता येतं, त्यात मागचा कचरा असतो आणि कोणी अडवत नाही. इथे थांबा या अवस्थेच्या बाहेर 'न' नावाची वस्तूच नाही. असले बग मी पगार घेऊन शोधतो, म्हणून हा राग.

उगाच_एक_शंका

हीप फेकून द्यायची घाई झाली असं वाटतं. माँट्रियल विद्यापीठात मार्क फीली यांच्या गटानं पिकोबिट केलंय, पिक१८वर स्कीम, आणि तेही गार्बेज कलेक्टरसकट. स्कीमचा बाइटकोड (आटोपशीर सूचना) करायचा आणि चिपवर तो चालवणारी छोटी व्हीएम बसवायची. ती व्हीएम आणखी घट्ट बसावी म्हणून तिच्यासाठी खास सी कंपायलरही त्यांनी स्वतःच लिहिला. फ्रान्समधल्या लोकांनी आधी पिक१८साठी ओकॅपिक केलं, मग ओमायक्रोबी. त्यात ओकॅमलचा बाइटकोड सी फाइलमध्ये ॲरे म्हणून येतो, शेजारी सीमध्ये लिहिलेली व्हीएम, आणि दोन्ही मिळून कंपाइल होतं. म्हणजे 'फंक्शनलमधून सी' तिथेही आहे, फक्त तुमच्यासारखी भाषेची काटछाट नाही. खरंखुरं ओकॅमल मिळतं, लिस्टा, क्लोजर, एक्सेप्शन, सगळं.

आणि बाइटकोड दाट असतो. तुमची पद्धत प्रत्येक टाइपसाठी फंक्शनची वेगळी प्रत काढत असणार. फ्लॅश पुरणार का?

खटपट्या

प्रती निघतात, खरंय. जनरिक 'मॅप' चार टाइपांवर वापरलं तर सीमध्ये चार लूप. प्रोग्राम मोठा होत गेला की एका टप्प्यानंतर बाइटकोड जिंकणार यात वाद नाही, कारण व्हीएमचा खर्च एकदाच असतो.

पण मला जे हवंय ते व्हीएममध्ये हाती लागत नाही. हीप नाही, टेल सोडून रिकर्शन नाही आणि डीफंक्शनलायझेशनमुळे फंक्शन पॉइंटर नाहीत, त्यामुळे कोण कोणाला बोलावतं याचा आलेख पूर्ण माहीत असतो आणि त्यात चक्र नसतं. जीसीसीला स्टॅक-यूसेजचा पर्याय दिला की प्रत्येक फंक्शन स्टॅकवर किती बाइट खातं याची एक फाइल मिळते. ते आकडे आलेखावर चढवायचे, सगळ्यात खोल वाट शोधायची, तिच्यात इंटरप्टची (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या फंक्शनची) सगळ्यात खोल वाट मिळवायची, ग्लोबल मिळवायचे. बिल्डच्या शेवटी एक आकडा छापला जातो: जास्तीत जास्त इतके बाइट. तो २०४८च्या वर गेला तर चिपवर टाकायची हेक्स फाइल निघतच नाही. कलेक्टर असलेल्या भाषेत 'मेमरी पुरेल का' याचं उत्तर चालवून बघितल्यावरच मिळतं.

शुद्धतूप

धागा छान, पण हरकत नोंदवतो. लेझीनेस गेला, लिस्ट मापात कापली, रिकर्शनला कुलूप, क्लोजरच्या जागी टॅग. मग फंक्शनल राहिलं काय? चक्का न घातलेलं श्रीखंड झालं हे. हास्केल या फंक्शनल भाषेतच करायचं तर लेनार्ट ऑगस्टसन यांचं मायक्रोएचएस, हा तिचा छोटा कंपायलर, बघा. त्याचा रनटाइम साध्या सीमध्ये आहे आणि प्रोग्राम कॉम्बिनेटर (छोटी ठरीव फंक्शनं) होऊन त्यावर चालतो. भाषा मोडावी लागत नाही.

प्रवाही

श्टुटगार्टहून, गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करते. शुद्धतूप, तुमची हरकत वाचून हसू आलं, कारण खटपट्यांनी जे काढून टाकलंय ते आमच्याकडे आधीपासूनच बंद आहे, आणि तेही सीमध्ये! मिस्रा सी २०१२ ही सुरक्षेच्या कामासाठीची सीची नियमावली घ्या. नियम १७.२, फंक्शननं स्वतःला बोलवायचं नाही, सरळही नाही आणि वळसा घालूनही नाही. नियम २१.३, हीपमधून मेमरी मागणारे-सोडणारे मॅलॉक आणि फ्री वापरायचे नाहीत. म्हणजे हीप नाही आणि रिकर्शन नाही ही सुरक्षेच्या कामातली रोजची शिस्त आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे ती माणसं पाळतात आणि वेगळी साधनं तपासतात, आणि त्याच्या बदल्यात भाषेकडून काहीच मिळत नाही. यांच्या भाषेत तेवढीच शिस्त पाळून निदान सम टाइप ('बंद | थांबा | चालू' असे पर्याय) आणि पॅटर्न मॅचिंग (त्या पर्यायांवर ओळीओळीनं उत्तर) तरी पदरात पडतंय.

खटपट्या, तुम्ही ज्या वाटेनं निघालाय तिथे आधी गेलेले लोक आहेत. लस्टर ही ग्रेनोबलची भाषा, १९८०च्या दशकातली, कास्पी आणि हाल्बवाक्स यांची. तिच्यात व्हेरिएबल म्हणजे मूल्यांचा प्रवाह. 'प्री क्ष' म्हणजे क्षची मागच्या ठोक्याची किंमत. प्रत्येक 'प्री'साठी सीमध्ये एक व्हेरिएबल, बस. मेमरी किती लागणार हे समीकरणं बघूनच कळतं, लूप किती वेळ घेणार हेही. स्केड हे तिचं औद्योगिक रूप, त्यातून निघालेला सी एअरबसच्या उड्डाण-नियंत्रणात आहे. हास्केलच्या पोटातूनही हे झालंय: नासाचं कोपायलट हे हास्केलमध्ये लिहिलेल्या अटींमधून ठरावीक मेमरीत चालणारा सी ९९ काढतं. गलुआ कंपनीचं आयव्हरीही तशाच घरातलं. या सगळ्यांत हास्केल तुमच्या लॅपटॉपवरच थांबतं, चिपवर जातो तो साधा सी.

तुमचं 'घटना आली की नवी अवस्था' हे ठीक आहे, पण दोन सेन्सर, तीन टायमर आणि एक बटण झालं की एकाच टाइपमध्ये सगळं कोंबताना जीव जाईल. त्यापेक्षा प्रवाह घ्या.

खटपट्या

प्रवाही ताई, लस्टरबद्दल वाचलं होतं, पण 'प्री' आणि माझं अवस्था फिरवणं एकच आहे हे असं कोणी मांडलं नव्हतं. प्रवाहांचा विचार नक्की करतो. अर्डुइनोसाठी ज्युनिपर नावाची भाषा आहे, टफ्ट्स विद्यापीठातली, २०१६च्या सुमाराची. ती सी++ काढते आणि तिच्यात सिग्नल, म्हणजे असे प्रवाह, हीच मुख्य कल्पना आहे. ज्युनिपरमध्ये क्लोजरनं काय पकडलंय ते त्याच्या टाइपमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे हीपशिवाय भागतं, आणि लिस्टेची कमाल लांबीही टाइपमध्येच असते. मी टॅगवर गेलो ते अशासाठी, की एका ॲरेत वेगवेगळी क्लोजर ठेवायची होती.

शुद्धतूप, मायक्रोएचएस मला आवडतं. पण त्याला उनोपेक्षा मोठी चिप हवी. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर २६४ केबी रॅम आहे, तिथे खुशाल चालवा. माझा धागा २ केबीचा आहे.

शुद्धतूप

मिस्राचा मुद्दा मान्य. श्रीखंडाचा मागे घेत नाही.

निवांत_पाटील

मला यातलं अर्धं कळत नाही, पण मोटर कळते. द्राक्षाची बाग आहे, मोबाईल स्टार्टर आहे, आणि लाईट रात्रीची असते. तुमचा तो सहा-सात ओळींचा कोड दोनदा वाचला. दोन गोष्टी.

एक, लाईट अशी सभ्यपणे येत नाही. येते, जाते, पुन्हा येते, एक फेज कमीच असतो, मग तोही येतो. ९० सेकंद कशापासून मोजणार? आणि सगळ्यांच्या पेटीत ९०च असेल तर डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतील आणि डीपी जाईल. आमच्याकडे म्हणूनच ऑटोवर टाकू नका म्हणतात.

दोन, हे मोठं आहे. विहिरीचं पाणी संपलं, मोटर कोरडी म्हणून 'दोष'मध्ये गेली. बरोबर. मग लाईट गेली. तुमच्या शेवटच्या ओळीप्रमाणे ती 'बंद' झाली. पुन्हा लाईट आली की ९० सेकंद थांबून कोरडीच चालू! रात्री तीन वाजता कोण बघणार आहे? रिवाइंडिंगचे पैसे कंपायलर देणार का?

सोल्डरगन

पाटील साहेब, टोपी काढली. एवढ्या टाइप थिअरीत हे कोणालाच दिसलं नाही.

खटपट्या

पाटील, हा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा आहे. कंपायलर एवढंच बघतो की प्रत्येक जोडीला उत्तर आहे. उत्तर शहाणपणाचं आहे का, ते तुमच्यासारख्यांनाच माहीत. यातला गुन्हेगार आहे ती '_'. 'कोणतीही अवस्था' म्हटलं की दोषही त्यात आपोआप ओढला जातो आणि पूर्णतेची तपासणी खूश होते.

म्हणून आता भाषेतच नियम घालतो: अवस्था म्हणून खूण केलेल्या टाइपवर '_' चालणार नाही, चारही नावं लिहावी लागतील. कंटाळवाणं आहे, पण 'दोष, लाईट_गेली' असं हातानं लिहिताना माणूस थबकतो. ओळ अशी होईल:

पुढची (दोष क, लाईट_गेली) = दोष क

आणि दोषातून बाहेर यायला 'बटण' ही पाचवी घटना. ती टाकल्याबरोबर कंपायलर ४ नव्या जोड्या मागेल: बंद असताना बटण, थांबताना बटण, चालू असताना बटण, दोषात बटण. सोल्डरगन, सीमधल्या डिफॉल्टनं हे चारही गिळले असते.

फेजचं: 'लाईट_आली' ही घटना तिन्ही फेज सलग काही सेकंद नीट दिसल्यावरच खालच्या थरातून येईल, आणि मध्ये काहीही पडलं की 'लाईट_गेली', म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ९० ऐवजी प्रत्येक पेटीचा आकडा वेगळा, लाईट गेली तरी न पुसणाऱ्या ईईप्रॉम मेमरीत लिहिलेला.

शेवटचा_बाक

डिप्लोमाला आहे, आमच्या लॅबमध्ये अजून ८०५१च आहे. ८९सी५१, आतली रॅम १२८ बाइट. तुमचं सी एसडीसीसी या ८०५१च्या सी कंपायलरवर चालेल का? आम्हाला सरांनी सांगितलंय की ८०५१वर रिकर्शन करायचंच नाही, का ते नाही सांगितलं.

केतकीवन

का ते असं: ८०५१चा स्टॅक त्या आतल्या रॅममध्येच असतो, आणि त्यातली जागा आधीच रजिस्टर बँका, बिटांची जागा नि व्हेरिएबलं यांनी खाल्लेली असते. म्हणून एसडीसीसी फंक्शनचे पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबलं मुळात स्टॅकवर ठेवतच नाही. प्रत्येकाला कायमचा पत्ता देतो, आणि जी फंक्शनं एकमेकांना बोलावत नाहीत त्यांना शक्य तिथे एकच जागा वाटून देतो. फंक्शननं स्वतःला बोलावलं की दुसरी खेप पहिलीच्या व्हेरिएबलांवरून नांगर फिरवते. मुद्दाम रीएंट्रंट अशी खूण केली तरच स्टॅक वापरला जातो. पिक१६फ८७७एवर आणखी गंमत: परतीच्या पत्त्यांचा हार्डवेअर स्टॅक फक्त ८ खणांचा. नववा कॉल झाला की पहिला पत्ता पुसला.

खटपट्यांच्या भाषेत मात्र चक्र नाहीच, त्यामुळे हे सगळं तिच्या पथ्यावर पडतं. उलट कॉलची खोली ८ च्या आत आहे का हे त्यांचा कंपायलर आधीच सांगू शकेल.

एकच जागा जपा: तेच फंक्शन मुख्य लूपमधूनही आणि इंटरप्टमधूनही बोलावलं तर कायमच्या पत्त्यांमुळे दोघं एकमेकांचं पुसतील. कील हा ८०५१चा दुसरा कंपायलर वापरलेल्यांना एल-१५, मल्टिपल कॉल टू सेगमेंट, ही वॉर्निंग आठवत असेल. तिच्याकडे दुर्लक्ष करून सबमिशन करणाऱ्यांत आमची अख्खी बॅच होती.

खटपट्या

@शेवटचा_बाक, चालायला हवं, पण ८०५१वर अजून टाकलेलं नाही. केतकीवन म्हणतात त्यावर सरळ उपाय: इंटरप्टमधून शुद्ध फंक्शन बोलवायचंच नाही. इंटरप्टनं फक्त घटना रांगेत टाकायची, ठरावीक लांबीच्या, आणि निघायचं. 'पुढची' नेहमी मुख्य लूपमध्ये चालते. भाषेत इंटरप्टचा वेगळा टाइप ठेवलाय, त्याच्या आत रांगेत टाकण्यापलीकडे काही लिहिताच येत नाही. रांग भरली तर काय, हे मात्र लिहिणाऱ्यानं सांगायचं: जुनी घटना फेकून द्यायची की नवी. 'लाईट_गेली' फेकून चालणार नाही, 'टिक' फेकली तर चालेल.

केतकीवन

आता माझा आवडता विषय. तुम्ही काढलेला सी एव्हीआरवर आणि एआरएमवर एकच उत्तर देतो का? तपासा. दोन १६ बिटांच्या अनसाइन्ड (उणे नसणाऱ्या) संख्या, अ = ० आणि ब = १. 'अ - ब शून्यापेक्षा मोठं आहे का?' एव्हीआरवर इंट (सीचा साधा पूर्णांक) १६ बिटांचा, त्यामुळे वजाबाकी अनसाइन्डच राहते, उत्तर ६५५३५, म्हणजे 'हो'. एआरएमवर इंट ३२ बिटांचा, दोन्ही संख्या आधी साइन्ड इंट होतात, उत्तर उणे १, म्हणजे 'नाही'. सीचा नियम दोन्हीकडे काटेकोर पाळलेला, आणि मोटर एका चिपवर चालू, दुसरीवर बंद.

साइन्डचं तर विचारूच नका. एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचं) वाचन १०२३ पर्यंत जातं, त्याला एव्हीआरवर १०० नं गुणलं की १६ बिटांच्या ३२७६७ च्या पार गेलं, आणि साइन्ड ओव्हरफ्लोला सीमध्ये काही अर्थच नाही. ऑप्टिमायझर त्यावरून तुमची तपासणीच उडवून देऊ शकतो.

खटपट्या

याच कारणानं काढलेला सी दिसायला भयंकर आहे. प्रत्येक बेरीज-वजाबाकीनंतर मी नेमक्या रुंदीचा कास्ट (टाइप बदलायची सूचना) घालतो, आणि साइन्ड गणित अनसाइन्डमध्ये करून परत फिरवतो. तुमचं उदाहरण दोन्ही चिपांवर ६५५३५ च देतं. गुणाकारात एआरएमची उलटी मेख आहे: १६ बिटांच्या दोन अनसाइन्ड संख्या साइन्ड ३२ मध्ये जाऊन तिथेही ओव्हरफ्लो होऊ शकतात, म्हणून गुणण्याआधी ३२ बिट अनसाइन्डचा कास्ट. माणूस असा सी लिहिणार नाही, पण माणसानं तो वाचायचाही नाहीये. प्रत्येक तुकड्याच्या वर हॅश-लाइन घालतो, त्यामुळे जीसीसीची एरर मूळ फाइलची ओळ दाखवते आणि डीबगरही तिथेच थांबतो.

उगाच_एक_शंका

आणि तक्ते? एव्हीआरवर कॉन्स्ट (न बदलणारे) ॲरेसुद्धा सुरुवातीला फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवले जातात. २५६ बाइटचा एक साइन तक्ता आणि तुमची आठवा हिस्सा रॅम गायब. प्रोग्मेम (तक्ता फ्लॅशमध्येच ठेवायची खूण) लावलं तर वाचायला वेगळी सूचना लागते आणि पॉइंटर बघून तो फ्लॅशचा की रॅमचा हे कळत नाही.

खटपट्या

इथे फंक्शनल असण्याचा फुकट फायदा आहे. काहीच बदलता येत नाही, त्यामुळे कंपाइलच्या वेळी पूर्ण ठरलेलं प्रत्येक मूल्य न विचारता फ्लॅशमध्ये जातं. अडचण तुम्ही म्हणता तीच: तेच फंक्शन कधी फ्लॅशमधला तक्ता घेतं, कधी रॅममधला. सध्या त्याच्या दोन प्रती काढतो. नावं वेगळी, आतली वाचायची सूचना वेगळी. फ्लॅश खर्च होते, पण तंगी रॅमची आहे, फ्लॅशची नाही.

प्रवाही

प्रती काढताना एआरएमवर हे बंद ठेवा, तिथे फ्लॅश आणि रॅम एकाच पत्त्यांच्या पट्ट्यात असतात. आणि तुमचा ३ बाइटचा स्ट्रक्ट तिथे ४ चा होईल. पॅक करायच्या मोहात पडू नका, कॉर्टेक्स-एम० या छोट्या एआरएमवर विषम पत्त्यावरून १६ बिट वाचायला गेलात की हार्ड फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम तिथेच अडला.

निवांत_पाटील

माझं एक राहिलं. लाईट गेल्यावर पेटीची मेमरीच जाणार ना? मग तो 'दोष' लक्षात कसा राहणार? बॅटरी आमच्या पेटीत कधीच मेलीय.

खटपट्या

ईईप्रॉममध्ये, पाटील. एटीमेगा३२८पीमध्ये १ केबी आहे, लाईट गेली तरी टिकते. मात्र एका जागी लिहायची मर्यादा १,००,००० वेळा अशी दिलेली असते. दर मिनिटाला लिहिलं तर दिवसाला १४४० वेळा, म्हणजे ७० दिवसांच्या आत हमी संपली. म्हणून भाषेत 'जपून' अशी खूण ठेवतोय. ती असलेल्या अवस्थेचा फक्त टॅग आणि कारण, तेही बदललं तरच, लिहिलं जाईल. थांबा मधले उतरते सेकंद लिहायचे नाहीत. वर्षाला काही हजार वेळा लिहिणं झालं तरी पेटी तुमच्या बागेपेक्षा जास्त टिकेल.

फक्त लिहिता लिहिता लाईट गेली तर बाइट अर्धवट राहतो. म्हणून दोन जागा, आलटून पालटून, प्रत्येकीत अनुक्रमांक आणि चेकसम (बाइट शाबूत आहेत का ते पडताळायचा आकडा). चालू होताना ज्या जागेचा चेकसम जुळतो आणि क्रमांक ताजा आहे ती घ्यायची. दोन्ही बिघडल्या असतील तर?

निवांत_पाटील

तर दोष धरायचा. मोटर बंद राहिली तर एक पाळी जाते, जळाली तर हंगाम.

खटपट्या

ठरलं. दोन्ही बिघडल्या तर 'दोष अज्ञात', बटण दाबेपर्यंत. कोड या आठवड्यात टाकतो, ८०५१ची चाचणी शेवटचा_बाक यांच्याकडे.

शेवटचा_बाक

सर लॅबची किल्ली देतील का बघतो.